ऐकणाऱ्यांना कादंबरी सुचवताना: वाचनालयाच्या वहीतल्या नोंदी (जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

कुडाळ तालुक्यातलं आमचं छोटं वाचनालय, मी इथे ग्रंथपाल. ऑडिओबुक आम्ही देत नाही, आमच्याकडे तसं काही विकत घेतलेलं नाही. सभासदाच्या स्वतःच्या फोनवर काय ऐकावं आणि कोणाच्या आवाजात ऐकावं एवढंच सुचवतो, आणि लागेल तिथे फोन हातात घेऊन शिकवतो. दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला हे करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये म्हणून वहीतलं जसंच्या तसं टाइप करतेय.

१० जून २०२४

आज मास्तर आले आणि कार्ड परत करून गेले. चाळीस वर्षांचे सभासद. म्हणाले डोळे आता साथ देत नाहीत, मोठ्या टाइपची होती ती सगळी वाचून झाली. त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. रजिस्टर काढून बघितलं तर वर्षभरात अकरा जणांनी कार्ड बंद केलंय, त्यातले आठ सत्तरीच्या पुढचे. आणि या सगळ्यांकडे मुंबईतल्या मुलांनी दिलेले चांगले फोन आहेत! स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप भारतात २०१७ ला आलं तेव्हापासून मराठी कादंबऱ्या ऐकायला मिळतात, नवीन पण भरपूर येतात, पण आमच्या गावात हे कोणी कोणाला सांगितलंच नाहीये. संध्याकाळी कमिटीपुढे विषय ठेवला, ३,००० रुपये मंजूर झाले.

१८ जून

पहिली लिस्ट तयार केली. ॲपवर ज्यांना जास्त स्टार आहेत अशा वीस कादंबऱ्या, प्रत्येकीबद्दल दोन ओळी, ३५ झेरॉक्स, ७० रुपये. मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं, एक नवीन कादंबरी लावून दिली. त्यांचं कार्ड पुन्हा चालू केलं.

२९ जून

लिस्ट पूर्ण फुकट गेली. ३५ पैकी तिघांनी काहीतरी लावलं आणि त्यातल्या दोघांनी अर्ध्या तासात बंद केलं. मास्तर म्हणाले, "गोष्ट बरी असा गो, पण वाचणारो घायत असा. माका तेच्या मागसून धावूक जमणा नाय."

घरी येऊन तीच कादंबरी मी लावली आणि मास्तरांचं अगदी खरं होतं. वाक्य संपायच्या आधी पुढचं सुरू, दोन माणसं बोलतायत तर कोण कुठलं वाक्य म्हणतंय तेच समजत नाही. स्पीड कमी करून बघितला, ०.७५ वर. शब्द लांबले, पण जिथे श्वास घ्यायला हवा तिथे तो घेतलाच नव्हता, मग स्लो करून काय मिळणार. चूक माझी आहे, मी वीसपैकी एकही न ऐकता सुचवली. लोक स्टार बहुतेक कथेला देतात आणि इथे अडतं ते आवाजापाशी.

आजपासून वेगळी वही. डाव्या पानावर पुस्तक, उजव्या पानावर वाचणारा किंवा वाचणारी.

५ जुलै

पूर्ण पुस्तक ऐकून मगच सुचवायचं असं ठरवलं होतं, ते काही जमणार नाही. छापील एक पान ऐकायला साधारण दोन मिनिटं जातात, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी जवळजवळ सात तास. पहिल्या आठवड्यात दोनच पुरी झाली, त्यातही दुसरी सुचवण्यासारखी निघाली नाही.

आता तीन जागी ऐकते. सुरुवातीची पंधरा मिनिटं, मधला एखादा प्रसंग जिथे तीन-चार माणसं एकत्र बोलतायत, आणि शेवटच्या तासातली पंधरा मिनिटं. यातला मधला तुकडा सगळ्यात जास्त सांगून जातो. फुकट ऐकायला मिळतो तो नमुना पहिल्या पानांचा असतो, तिथे वाचणारा ताजातवाना असतो, सगळे चांगलेच वाचतात. सहाव्या तासाला सासूचा आवाज पहिल्या तासात होता तोच आहे का, रडण्याच्या जागी वाचणारा स्वतःच रडायला लागतो की आपल्याला रडायला जागा ठेवतो, हे तिथेच समजतं. एका पुस्तकाला पाऊण तास जातो. शेवट ऐकल्यामुळे माझं पुढचं वाचन बिघडतं हे खरंय, पण ते सोसायचं.

१४ जुलै

कोकणात घडणारी एक नवीन कादंबरी मी मोठ्या उत्साहाने सहा जणांना सुचवली. चार जणांनी पहिल्या संवादालाच बंद केली. मला वाचन चांगलं वाटलं होतं कारण मी शाळा-कॉलेज पुण्यात केलं, माझ्या कानाला ते खटकलंच नाही. आमच्या गल्लीत एक दशावतारी कलाकार राहतात, पावसात त्यांचे प्रयोग नसतात, शेतीच्या कामातून दुपारी मोकळे होते तर त्यांना बोलावून तो प्रसंग ऐकवला. एका मिनिटात म्हणाले, "अक्षरां बरोबर आसत, हेल घाटावरचो असा."

मग त्यांनी एकेक दाखवलं. 'खंय' हा शब्द वाचणाऱ्याने 'खन्य' असा म्हटलाय. आपल्याकडे तो नाकातून निघून जातो, अनुस्वारावर कोणी पाय देऊन उभं राहत नाही. प्रश्न विचारताना शेवट वर जायला हवा तो खाली आणलाय. "आमी बोलतंव तसा नाय, आमी बोलतंव असा लिवलेला असा तसा वाचलाहा." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

नियम केला: बोलीभाषेचं पुस्तक असेल तर त्या भागातल्या माणसाच्या कानावरून गेल्याशिवाय त्या पुस्तकाचं सुचवायचं कार्ड करायचं नाही. वऱ्हाडी आणि अहिराणीसाठी इथे माणूस मिळणं कठीण होतं, पण बँकेत बदली होऊन आलेल्या एक मॅडम अकोल्याच्या निघाल्या, त्या आनंदाने ऐकून देतात. अहिराणीसाठी अजून कोणी मिळालेलं नाही म्हणून तशी पुस्तकं बाजूला ठेवलीत.

२३ जुलै

चार दिवस लाइट नाही, रेंज फक्त एसटी स्टँडच्या चढावर. ऐकणाऱ्यांचं सगळं ठप्प. म्हणजे वाचनालयाच्या वायफायवर डाउनलोड करून देणं हाच मार्ग. त्यात पहिली अडचण फोन भरलेले असतात, एका आजींच्या फोनमध्ये सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ४ जीबी निघाले, त्यांच्याबरोबर बसून एकेक विचारून काढले, नातवंडांचे तेवढे ठेवले.

दुसरी अडचण मी स्वतः केली. मास्तरांचं ॲप नीट चालेना म्हणून लॉगआउट करून परत लॉगइन केलं, तर आधी उतरवलेली तिन्ही पुस्तकं गेली, आणि ते मला समजलं नाही, त्यांना घरी गेल्यावर समजलं. दीड किलोमीटर पावसातून परत आले बिचारे. तेव्हा लॉगआउटला हात लावायचा नाही, आणि माणूस दारातून बाहेर पडायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुस्तक वाजतंय का बघायचं.

६ ऑगस्ट

दोन आवाज मला स्वतःला अतिशय आवडतात, वहीत दोघांपुढे भरभरून लिहिलं होतं. पण सत्तरीच्या पुढच्यांकडून दोघांबद्दल तक्रार, "काय बोलता ता नीट ऐकाक येणा नाय". आवाज वाढवून दिला तरी तेच.

नात्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं की वयाने ऐकू कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचं जातं, आणि स, श, फ, त असली व्यंजनं तिथेच असतात, म्हणून आवाज येतो पण शब्द सुटत नाहीत. त्यात मागे संगीत असेल तर आणखी गोंधळ. परत जाऊन ऐकलं तर दोन्ही पुस्तकांत प्रसंगाखाली सतार आणि बासरी चालूच होती, मला ती छान वाटली होती.

आता माझी चाचणी अशी. हेडफोन काढायचा, फोन टेबलावर हातभर लांब ठेवायचा, पंखा फुल, पत्र्यावर पाऊस असेल तर फारच उत्तम. अशात जो आवाज समजतो तो आमच्या लोकांना समजतो. खर्जातले, शब्दाचा शेवट न गिळणारे आवाज पास होतात. वहीत 'मागे संगीत' असा रकाना वाढवला. याआधी लिहिलेली सतरा पुस्तकं पुन्हा ऐकावी लागली, त्यात आठ दिवस गेले.

२० ऑगस्ट

काजू सोलणाऱ्या एक काकी आहेत, घरी बसून काम करतात. हात चिकाचे त्यामुळे फोनला हात लावता येत नाही. त्यांना मी मास्तरांना आवडलेलं पुस्तक दिलं, एकाच माणसाने शांतपणे वाचलेलं. दोन दिवसांनी म्हणाल्या, मधे कोणी हाक मारली की धागा तुटतो, परत मागे नेता येत नाही. त्यांना मग नाटकासारखं केलेलं दिलं, प्रत्येक पात्राला वेगळा माणूस, दाराचे आवाज वगैरे. ते त्यांनी चार दिवसांत संपवलं. आकाशवाणी रत्नागिरीवर लहानपणी नभोनाट्यं ऐकायचो तसं वाटलं म्हणाल्या.

मास्तरांना तेच ऐकवलं तर त्यांना अजिबात नको. त्यांनी मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर यांचं कथाकथन समोर बसून ऐकलंय, एका माणसाने सगळी माणसं उभी करायची याची त्यांच्या कानाला सवय. दोघांचंही बरोबरच आहे. म्हणून कार्डावर 'अभिवाचन' की 'नभोनाट्यासारखं' हे पहिल्याच ओळीत, आणि खाली 'काम करताना चालेल का'.

१२ सप्टेंबर

गणपतीत चाकरमानी आले, त्या आठवड्यात चौदा फोन चालू करून झाले. वर्गणी ऑनलाइन भरणं, पासवर्ड, सगळं मुलं-सुना पटापट करतात, ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांनी असा आठवडा गाठावा.

पण एक मोठी चूक झाली. फुकट चाचणीचे दिवस संपले की पैसे आपोआप कापले जातात हे मी एका आजींच्या मुलाला सांगायची विसरले. त्यांचे पैसे गेले, आजींना ते कळलं आणि माझ्यामुळे खर्च झाला म्हणून त्यांनी ऐकणंच थांबवलं. मी पैसे द्यायला गेले, मुलाने घेतले नाहीत. आजींना समजावायला तीन फेऱ्या झाल्या. आता चाचणी सुरू केली की त्याच मिनिटाला त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी लाल गोल करते.

३० सप्टेंबर

आमचा एक तरुण सभासद पूर्ण अंध आहे, स्पर्धा परीक्षा देतोय, टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन माझ्यापेक्षा वेगाने चालवतो. त्याची सुगम्य पुस्तकालयाची (छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन वाचनालय) नोंदणी एका संस्थेमार्फत झालेली आहे, अभ्यासाला त्याचा उपयोग होतो. पण कादंबरी मशीनच्या आवाजात त्याला नको असते. मी ऐकून बघितलं, 'चांगला'मधला च 'चित्रा'तल्या च सारखा येतो, 'जरा' म्हटलं की म्हातारपण की थोडंसं असा प्रश्न पडतो. अभ्यासात हे चालून जातं. कादंबरीत दर ओळीला टोचतं.

त्याला हवी होती ती नवीन कादंबरी आवाजात आलेलीच नव्हती. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं, त्यानुसार छापील वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी वाचता-ऐकता येईल अशी प्रत करता येते. म्हणून मी आणि कॉलेजच्या एका मुलीने मिळून ती वाचली, फोनवर रेकॉर्ड केली. सात तासांचं वाचन व्हायला एकोणीस तास गेले. कोंबडा, शेजारची मिक्सी, पाऊस, आणि चौथ्या पानापासून कोरडा पडणारा घसा. ज्यांना मी वहीत एका ओळीत नापास करत होते त्यांच्याबद्दल मनातला आदर खूप वाढला.

आता मुख्य चूक. रेकॉर्डिंग मोनो (एकाच चॅनेलचं), ६४ केबीपीएस ठेवलं, तासाला २९ एमबीच्या आसपास, म्हणजे पूर्ण कादंबरी २०० एमबीत बसली. मेमरी कार्डावर टाकून छोट्या स्पीकरला लावून दिली. आठवड्याने तो म्हणाला लेखकाने काळ फार मागेपुढे केलाय, अवघड आहे पण मी प्रयत्न करतोय. कादंबरी सरळ रेषेत जाते! स्वस्त स्पीकर फाइलच्या नावाकडे बघतच नाही, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतो. त्याने सातवं, आठवं, पहिलं, चौथं असं ऐकलं आणि दोष स्वतःच्या समजण्याला दिला. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

दुरुस्ती: कार्ड फॉरमॅट केलं, फाइलना ००१, ००२ अशी नावं दिली आणि एकेक करून क्रमाने कॉपी केल्या. शिवाय हा स्पीकर बंद करून चालू केला की चालू फाइलच्या सुरुवातीला जातो, मधल्या जागी नाही, म्हणून प्रकरणांचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या आधी 'प्रकरण तीन, भाग दोन' असं म्हणून ठेवलं. अख्खा शनिवार गेला. आणि ही फाइल ग्रुपवर टाका असं दोघांनी विचारलं, त्यांना नाही म्हणून सांगितलं, ती सवलत सगळ्यांसाठी नाही.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिनाला श्रवण-बैठक ठेवली, बावीस माणसं. एका नव्या कादंबरीची पहिली वीस मिनिटं लावली. गाव, नदी, वाडा, सगळं वर्णन. दहाव्या मिनिटाला कुजबुज सुरू झाली, चहा आला तेव्हा सगळे मोकळे झाले. चहानंतर धीर करून त्याच कादंबरीतला भांडणाचा प्रसंग लावला, आधी एवढंच सांगितलं की दोन भाऊ आहेत आणि आईचं घर विकायचंय. एकही माणूस हलला नाही. बैठकीत सुरुवात लावू नका, प्रसंग लावा, आणि आठ मिनिटांच्या वर जाऊ नका.

१८ नोव्हेंबर

कार्डाचा नमुना आता पक्का झालाय. एक इथे उतरवते, पुस्तकाचं नाव देत नाही कारण ते तुमच्या लोकांना लागू पडेलच असं नाही, घडण बघा:

"अभिवाचन, एकटी बाई. ६ तास ४० मिनिटं. आवाज खालच्या पट्टीतला, शब्द सुटे. मागे संगीत नाही. साध्या स्पीडला ऐका, कमी करायची गरज नाही. पात्रं सात, पहिल्या अर्ध्या तासात पाच येतात, तेवढं लक्ष देऊन ऐका, पुढे सोपं आहे. सासऱ्याचा आवाज बदलत नाही, फक्त सावकाश बोलते, तेवढ्यावरून कळतं. चौथ्या तासात मृत्यूचा प्रसंग आहे. काम करताना: भाकरी, निवडणं-टिपणं चालेल. याच बाईची आणखी दोन: कार्ड ९ आणि १४."

मृत्यूची ओळ नंतर घातली. नुकतेच यजमान गेलेल्या एका बाईंना मी न सांगता तसं पुस्तक दिलं होतं. छापील पुस्तकात माणूस पान उलटून पुढे जातो, कानात चाललेलं थांबवायला फोन सापडेपर्यंत सगळं ऐकून झालेलं असतं.

९ जानेवारी २०२५

काकी आल्या आणि दारातूनच, "त्या बायचा नवीन काय इला काय?" पुस्तकाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, लेखकाचं तर नाहीच, वाचणारीचं पूर्ण नाव पाठ. आता बरेच जण असंच विचारतात. नवीन कथालेखक सुचवायचा तर हाच सगळ्यात जवळचा रस्ता आहे, ओळखीच्या आवाजाचा हात धरून माणूस अनोळखी लेखकाकडे जातो. दर महिन्याच्या एक तारखेला ॲपमध्ये आमच्या वहीतल्या अकरा वाचणाऱ्यांची नावं टाकून नवीन काय आलंय ते बघते, त्यांना अजून स्टार नसले तरी.

पण डोळे झाकून नाही. त्याच बाईंनी वाचलेली रहस्यकथा मी न ऐकता काकींना दिली आणि ती त्यांना कंटाळवाणी झाली. घरगुती कथेत जो संथपणा छान वाटतो तो पाठलागाच्या प्रसंगात अडखळतो. तीन जागी ऐकायचा नियम मी मोडला होता, तो आवडत्या आवाजालाही लावायचा.

२७ फेब्रुवारी

हिशोब. झेरॉक्स आणि कार्डशीट ४२०, स्पीकर ८५०, तीन मेमरी कार्ड १,०५०, दोन हेडफोन ६००. एकूण २,९२० रुपये, ८० शिल्लक. माझ्या ॲपची वर्गणी माझी मी भरते, ती यात धरलेली नाही. कार्डं ४१ झाली, ऐकून बाद केलेली ६३. नियमित ऐकणारे एकोणतीस, बंद झालेल्या अकरा कार्डांपैकी मास्तर धरून सात परत चालू.

आज भाषा दिनाच्या कार्यक्रमानंतर मास्तर थांबले. म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी मी येतो, तू मधला प्रसंग लाव, मी ऐकून सांगतो वाचणारो कसो असा तो. वहीत त्यांच्यासाठी एक रकाना आखून ठेवलाय. मंगळवारसाठी तीन नवीन पुस्तकं डाउनलोडला लावलीत, त्यातलं एक मालवणीतलं आहे.